खुळखुळा सोडून गोधडीचं टोक चोखणारं बाळ: पहिल्या वर्षातला खेळ कसा वाढतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ साडेचार महिन्यांचं. बारशाला आलेली खेळणी समोर मांडली तर क्षणभर बघतं आणि तोंड फिरवतं. खुळखुळा हातात दिला तर तोंडात घालतं, नाहीतर तो गळून पडतो आणि बाळ गोधडीचं टोक चोखत बसतं. स्वतःच्या हातांकडे मात्र बराच वेळ टक लावून बघतं. शेजारचं सात महिन्यांचं बाळ वाट्या आपटतं. मग हे खेळायला कधी लागणार, आणि त्याच्यासाठी काय आणावं?

ते खेळतंच आहे. हात न्याहाळणं, गोधडी चोखणं, पाय झाडणं हाच साडेचार महिन्यांचा खेळ, आणि तो अगदी वेळेवर आहे. आणायचं म्हणाल तर सध्या काहीच नको. बाळाला कसं ठेवायचं, वस्तू कुठे धरायची आणि किती वेळ गप्प राहायचं, या तीन गोष्टी जमल्या की घरातली एक वाटी आणि एक रवी पुष्कळ झाली.

मोठ्यांच्या डोळ्यांपुढे खेळ म्हटलं की खेळणं येतं. बाळाला मात्र वर्षभर एकाच गोष्टीची गोडी असते: मी काही केलं की काही होतं का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी १९६९पासून पुढे केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. उताण्या निजलेल्या बाळाच्या घोट्याला मऊ रिबीन बांधायची आणि तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या झुलत्या खेळण्याला. बाळानं पाय झाडला की खेळणं हलतं. काही मिनिटांतच पाय झाडण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. तीन महिन्यांच्या बाळाला ही जोडणी आठवडाभर आठवते, दोन महिन्यांच्या बाळाला एक-दोन दिवस. आणि तेच खेळणं दुसरं कुणी हलवत राहिलं तर बाळं बघतात, पण पाय झाडणं वाढवत नाहीत. आपल्यामुळे हललेलं आणि आपोआप हललेलं यातला फरक त्यांना इतक्या लवकर कळतो.

घरी रिबीन बांधू नका. दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं. रिबिनीचं काम आपल्याकडे वाळे करत आलेत. पाय झाडला की छुम् वाजतं, थांबला की थांबतं. दोन ते चार महिन्यांच्या बाळाला दिवसातून थोडा वेळ, तुमच्या नजरेसमोर, घट्ट बसवलेल्या घुंगरांचे वाळे जरूर घाला. पाचव्या-सहाव्या महिन्यात पाय तोंडापर्यंत पोचू लागला की मात्र काढून ठेवा, कारण सुटलेलं घुंगरू सरळ घशात जातं.

पहिले दोन महिने: तुमचा चेहरा

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बऱ्यापैकी दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा बरोबर एवढ्याच अंतरावर असतो. त्याला कडा दिसतात: केसांची रेघ, भुवया, कपाळावरची ठसठशीत टिकली. म्हणून या वयाचं खेळणं म्हणजे चेहरा. मांडीवर उताणं घ्या, डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवा, चेहरा त्या अंतरावर आणा, दोन-तीन शब्द बोला आणि थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. एवढ्याशा बाळाला ऐकून, बघून, उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यालाच पुन्हा बोलू लागतात आणि बाळाची पाळी हुकते.

दूध पिऊन, ढेकर काढून झाल्यावर बाळ शांतपणे डोळे उघडे ठेवून असतं ती काही मिनिटंच खेळाची. नजर वळवणं, बोटं फाकवून हात पुढे करणं, जांभया, उचकी, कपाळाला आठ्या, यांचा अर्थ ‘पुरे’. तोंड फिरवलं म्हणून त्या बाजूला जाऊन पुन्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. ते विश्रांती घेतंय, परत वळेल.

पाळण्यावरच्या चिमणाळ्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पहिले दोन-अडीच महिने बाळाची मान उताणं असताना एका बाजूला कललेली असते, त्यामुळे नाकासमोर वर टांगलेलं त्याला दिसतच नाही. ते बाजूला, छातीच्या रेषेत, सुमारे ३० सेंटिमीटरवर टांगा आणि दर दोन-तीन दिवसांनी बाजू बदला, म्हणजे मान एकाच कुशीला वळायची सवय लागत नाही. शिवाय बाळाच्या जागी डोकं ठेवून स्वतः वर बघा. बाजूने सुंदर दिसणाऱ्या चिमण्यांचे खालून नुसते दांडे दिसत असतील तर चिमण्या आडव्या बांधा. पाचव्या महिन्यात, किंवा बाळ त्याआधी पालथं पडून हातांवर उचलायला लागलं तर तेव्हाच, चिमणाळं काढायचं.

सहा ते आठ आठवड्यांत पहिलं खरं हसू येतं, तुमच्याकडे बघून आलेलं, आणि पाठोपाठ ‘आऽगू’ असे हुंकार सुरू होतात. ते ऐकून तुम्ही तसाच आवाज काढलात, थांबलात आणि त्यानं पुन्हा काढला, तर दोघांनी मिळून खेळलेला तो पहिला खेळ. यात तुमच्या चेहऱ्याचा वाटा किती मोठा आहे, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. आईनं आधी नेहमीसारखं खेळायचं, मग काही मिनिटं बाळाकडे बघत चेहरा अगदी निश्चल ठेवायचा. बाळ आधी हसतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, आईला परत बोलवायची एकूण एक युक्ती वापरून बघतं आणि शेवटी मान फिरवून गप्प होतं. मोबाइलमध्ये बुडालेला चेहरा बाळाला बराचसा असाच दिसतो. तुम्ही चेहऱ्यानं परत आलात की बाळही सावरतं, त्यामुळे एखादा फोन घेतल्याची खंत नको. पण त्या जागेपणाच्या पाच-दहा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

दोन ते पाच महिने: हात सापडतात

तुमच्या बाळाचं आत्ता हेच चाललंय, म्हणून इथे जरा सविस्तर.

जन्मतः हात मिटलेले असतात. तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप वळते आणि मान उजवीकडे फिरली की उजवा हात सरळ होऊन डावा कोपरात दुमडतो. या जन्मजात प्रतिक्रिया ओसरायला चार ते सहा महिने लागतात. तोवर बाळाला दोन्ही हात छातीसमोर आणणं अवघड जातं. म्हणून तीन महिन्यांच्या बाळाच्या हातात खुळखुळा दिला की ते तो धरतं, पण आपण काही धरलंय याचा त्याला पत्ता नसतो. हात हलतो, खुळखुळा स्वतःच्याच कपाळावर बसतो, रडं येतं. गळून पडला तर शोधत नाही. त्याला खेळण्याचा कंटाळा आला असं समजू नका. सोडणं अजून त्याच्या हातात नाही.

मग एके दिवशी हात डोळ्यांपुढून जातो आणि नजर त्यावर खिळते. हात वळतो, बोटं उघडतात, मिटतात. दोन ते चार महिन्यांत बाळ तासन्‌तास हेच करतं. जे दिसतंय तेच आपल्याला आतून जाणवतंय, ही ओळख तिथे होत असते. त्यावेळी समोर खुळखुळा वाजवून लक्ष वळवणं म्हणजे वाचत बसलेल्या माणसाच्या हातातून पुस्तक काढून घेणं. हातमोजे या वयात जागेपणी नकोतच. ओरखडे निघतात म्हणून घालत असाल तर त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, झोपेत, नखं कापा. घट्ट दुपट्यात लपेटलेले हातही जागेपणी मोकळे हवेत.

हात एकमेकांना भेटावेत म्हणून बाळाला कुशीवर ठेवणं सगळ्यांत सोपं. दुपट्याची गुंडाळी पाठीशी लावा, खालचा हात अंगाखाली अडकणार नाही असा पुढे घ्या, गुडघे थोडे दुमडा. उताणं असताना हात वजनानं बाजूला पडतात. कुशीवर तेच वजन त्यांना समोरासमोर आणतं. पाच-सात मिनिटं या कुशीला, पाच-सात त्या. हे जागेपणी, तुम्ही शेजारी असतानाच. झोपवताना बाळ नेहमी उताणंच, आणि गुंडाळ्या-उशा काढून.

दुसरं पालथं ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. एकदम नाही. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, दूध पिऊन अर्धा तास झाल्यावर. तुमच्या छातीवर पालथं घेतलेलं यात धरा. आजी पायावर पालथं घेऊन पाठ चोळते तेही धरा. बाळ लगेच कुरकुरत असेल तर टॉवेलची गुंडाळी काखांच्या रेषेत छातीखाली द्या, कोपर खांद्यांच्या पुढे आणा आणि तुम्ही समोर जमिनीवर आडवे व्हा. चुकतं ते इथे: गुंडाळी पोटाखाली सरकते, डोकं खाली जातं आणि बाळ चिडतं. खांदे आणि मान यांना बळ आल्याशिवाय हात हवेत स्थिर राहत नाही, म्हणून वस्तूकडे हात नेण्याची तयारी खरं तर इथे, पालथं असताना होते.

आता वाटी. चार-पाच महिन्यांच्या बाळाला मांडीवर, पाठ तुमच्या पोटाला टेकवून, किंचित मागे रेललेलं घ्या. आमटीची छोटी स्टीलची वाटी त्याच्या छातीच्या उंचीवर, १५ सेंटिमीटरवर धरा आणि हलवू नका. काय होतं ते बघा. आधी सगळं अंग थांबतं. डोळे मोठे होतात, श्वास जलद होतो, पाय सायकल मारू लागतात. मग एक हात, कधी दोन्ही, धक्क्याधक्क्यानं वर येतात. बोटं वाटीपाशी पोचायच्या आतच मिटतात, हात पुढे निघून जातो. बाळ वाटीकडे बघतं, हाताकडे बघतं, पुन्हा वाटीकडे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोटांची पाठ वाटीला लागते, टिण् होतं आणि ते दचकून थांबतं. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो, आणि घरातलं कुणी ना कुणी पाचव्या सेकंदालाच म्हणतं, ‘अगं, दे की त्याच्या हातात!’ देऊ नका. मिनिटभरात जमलं नाही तर वाटी इतकी जवळ आणा की बोटं तिला टेकतील. पकडायचं काम त्याचं.

या वयाची वस्तू कशी हवी? मूठभर आकाराची, कड पातळ, वजनाला हलकी. सात-आठ सेंटिमीटर व्यासाची, बोटाएवढ्या जाडीची लाकडी किंवा रबरी कडी उत्तम. खुळखुळ्याची दांडी तुमच्या करंगळीएवढी जाड असावी, टोक घशात जाणार नाही इतकं मोठं. टेडी इथे निरुपयोगी ठरतो: धरायला फार जाडा, आणि हात लावल्यावर काहीच होत नाही. गोधडीचं टोक जिंकतं ते यामुळेच. ते मुठीत मावतं, ओढलं की येतं, चोखलं की चव-स्पर्श बदलतो आणि त्याला आईचा वास असतो.

तोंडात का?

ओठ आणि जीभ बोटांपेक्षा कितीतरी आधी कामाला लागलेली असतात. कड धारदार की गोल, गार की कोमट, दबतं की नाही, हे साडेचार महिन्यांच्या बाळाला तोंडानंच नीट कळतं. दात येतायत म्हणून घालतं हे अर्धंच कारण. हे पाच-सहा महिन्यांत जोरात असतं आणि बोटं कुशल होतील तसं वर्षानंतर कमी होतं. हात धरून ‘छी-छी’ करत बसण्यापेक्षा हाताशी येणारी वस्तूच तोंडात जाण्याजोगी ठेवा.

मापं लक्षात ठेवा. खेळण्यांच्या चाचणीत लहान भागांसाठी वापरायच्या नळीचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांपर्यंत धोक्याची. चेंडू साडेचार सेंटिमीटरहून मोठाच. आपल्या घरांत घात करतात ते शेंगदाणे, चणे, चिंचोके, टिकल्या, फुग्याचे तुकडे, आणि बाळाच्याच मनगट्यांचे किंवा तुमच्या मंगळसूत्राचे मणी. रिमोट, घड्याळ, गाणाऱ्या खेळण्यातली चपटी बटण-बॅटरी सगळ्यांत वाईट: अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं, वाट बघायची नाही. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते बघून घ्या. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं सुंदर असतात, पण रंग चोखण्याजोगा आहे याची विक्रेत्याकडून खात्री नसेल तर वर्ष-दोन वर्षं फडताळात राहू द्या. दाबली की चूं करणारी भोकाची रबरी खेळणी अंघोळीच्या पाण्यात देऊ नका, आत बुरशी धरते.

सहा ते आठ महिने: आपटणं

आता वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. छोटी गोष्ट वाटते, पण एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी धरायचं हे मोठं काम आहे. मग आपटणं येतं. लाकडी चमचा गोधडीवर, फरशीवर, परातीवर: प्रत्येक ठिकाणी आवाज वेगळा, आणि बाळ थांबून ऐकतं. आवाज सहन होत नसेल तर चमचा काढून घेण्याऐवजी परातीखाली टॉवेल घाला.

या वयात घाईनं बसवण्याची चूक फार होते. चारी बाजूंनी लोड लावून बसवलेलं बाळ फोटोत छान दिसतं, पण तोल सांभाळायला दोन्ही हात जमिनीवर टेकलेले असतील तर खेळायचं कशानं? हात सुटेपर्यंत खेळ मांडीवर, कुशीवर, पालथं.

हात सुटले, आधाराशिवाय बसता आलं, की टोपली काढा. ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांची ही कल्पना: साधारण ३५ सेंटिमीटर रुंद, १०-१२ सेंटिमीटर उंच, कलंडणार नाही अशी बिनकड्यांची टोपली, आणि तिच्यात प्लॅस्टिक सोडून घरातल्या नाना तऱ्हेच्या वस्तू. आपल्याकडे बुडाला पसरट रोवळी चालते. फक्त बांबूच्या कडांना कापड शिवून घ्या. आत रवी, लाकडी चमचा, स्टीलची वाटी, लिंबापेक्षा मोठं मोसंबं, पॉलिश केलेली करवंटी, घोसाळ्याची वाळलेली जाळी, जुन्या रेशमी साडीचा हातरुमालाएवढा तुकडा. एका वेळी आठ-दहा पुरे. दर आठवड्याला दोन-तीन बदला. तुम्ही शेजारी बसा आणि काही दाखवू नका, ‘हे बघ, हे असं वाजतं’ असंही नाही. वीस-पंचवीस मिनिटं एकचित्त खेळणारं सात महिन्यांचं बाळ बघायचं असेल तर ही टोपली लावून बघाच. मात्र दर वेळी प्रत्येक वस्तूवरून बोट फिरवा: चीर, कुसळ, सैल खिळा असेल ते बाद.

सातव्या महिन्यात दोन्ही हातांत वस्तू असताना तिसरी दिली तर बाळ एक टाकतं. नऊ-दहा महिन्यांचं बाळ थबकतं, एक काखेत किंवा मांडीत ठेवून तिसरी घेऊ पाहतं. त्याचं ते थबकणं बघण्यासारखं असतं.

आठ महिन्यांनंतर: लपवणं, टाकणं, देणं

‘बुवाऽ कुक्’ चार-पाच महिन्यांपासून आवडतं, पण तेव्हा गंमत तुमच्या आवाजाची आणि एकदम दिसणाऱ्या चेहऱ्याची असते. सात-आठ महिन्यांत बाळ तुमच्या चेहऱ्यावरचा पदर स्वतः ओढतं. दहाव्या-अकराव्या महिन्यात ते स्वतःवर दुपटं घेऊन तुम्हाला शोधायला लावतं. नेहमी आधी तुमचा चेहरा झाका. बाळाच्या तोंडावर अचानक कापड टाकलं तर बहुतेक बाळं घाबरतात. आणि ‘कुक्’च्या आधीचं थांबणं कधी दोन सेकंद, कधी चार असू द्या. सगळा रस त्या थांबण्यातच आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लपवलेली वस्तू शोधण्याचा हा टप्पा साधारण आठ महिन्यांवर धरला. पुढे झालेल्या प्रयोगांत याहून लहान बाळंही नाहीशा झालेल्या वस्तूची अपेक्षा धरून बघत राहतात असं दिसलं. कापड उचलून ती काढणं मात्र आठव्या-नवव्या महिन्यातच जमतं. क्रम असा ठेवा. आधी चमचा दुपट्याखाली अर्धा झाका. अर्धा झाकलेला सहज काढायला लागलं की बाळाच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाका. तेही जमलं की दोन दुपटी शेजारी पसरा: तीन-चारदा उजव्याखाली लपवा, मग बाळ बघत असतानाच डाव्याखाली. ते पुन्हा उजव्याखालीच शोधेल. हसू नका, चुकीचं दाखवूही नका. वर्षाच्या आसपास हे आपोआप सुटतं. लपवणं आणि शोधायला देणं यांत दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ गेला तर कठीण होतं, हे ध्यानात ठेवून वेळ वाढवत न्या.

नऊ ते बारा महिन्यांत घरात सगळ्यांचा संयम संपवणारा खेळ येतो: वस्तू खाली टाकणं. तुम्ही उचलून देता, ते टाकतं, वाकून बघतं, तुमच्याकडे बघतं, पुन्हा टाकतं. मूठ हवी तेव्हा उघडता येणं ही नवी कला आहे आणि ती वापरून बघायला शंभर खेपाही कमीच. जमिनीवर स्टीलचं पातेलं ठेवा आणि चेंडू, चमचा, करवंटी त्यात टाकायला द्या. पातेलं अर्ध्या हातावर सरकवलं की नेम धरणं सुरू होतं. उचलून देताना हात पुढे करून ‘दे’ म्हणा आणि थांबा. आधी बाळ वस्तू तुमच्या तळव्यावर टेकवतं, पण सोडत नाही. ते द्यायला नकार देत नसतं. दुसऱ्याच्या तळव्यावर मूठ उघडायला अजून जमत नाही. काही आठवड्यांत सुटते.

याच सुमारास खिडकीतल्या कावळ्याकडे बोट जातं आणि नजर तुमच्याकडे वळते. ‘काऊ!’ एवढंच म्हणा. दोघांनी मिळून तिसऱ्याच गोष्टीकडे बघणं हे भाषेचं दार आहे, म्हणून या बोटाची वाट मी इतर कोणत्याही खेळापेक्षा जास्त बघायला सांगते.

पांगुळगाडा द्यायचा तो बाळाला धरून उभं राहता आल्यावर, बहुधा वर्षाच्या आसपास. पुढे विटेएवढं वजन बांधलं की तो पळत नाही. आत बसवायचा चाकांचा वॉकर अजिबात नको. त्यानं चालणं लवकर येत नाही आणि पायऱ्यांवरून पडून गंभीर दुखापती होतात. कॅनडानं २००४ साली त्यावर बंदीच घातली. स्क्रीन पहिल्या वर्षात नाही, आजोबांशी व्हिडिओ कॉल सोडून.

दाखवायला कधी न्यायचं

अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर आधी वय दुरुस्त करा: ३४ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाच्या वयातून सहा आठवडे वजा. त्यानंतरही तीन महिने पूर्ण होऊन बाळ तुमच्याकडे बघून हसत नाही, हलत्या चेहऱ्यामागे नजर नेत नाही. चार महिन्यांनंतर अंगठा मुठीत घट्ट कोंडलेलाच राहतो. सहा महिन्यांत वस्तूकडे हात जात नाही. दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा-दादादा’ नाही. वर्षाचं होऊनही बोट दाखवणं, टाटा, दे-घे यांपैकी एकही नाही. किंवा आलेलं काही एकदम बंद झालं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. एक लक्षण लोक कौतुकानं सांगतात: ‘आमचं आठ महिन्यांचं बाळ डावरं आहे!’ वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल तर दुसरा हात कमी का चालतोय हे तपासायलाच हवं. माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि थेरपी विनामूल्य मिळते. अंगणवाडीताई किंवा आशाताई तिथे पाठवू शकतात.

तुमच्या बाळाच्या बाबतीत, जेवढं लिहिलंय त्यावरून, यातलं काहीच दिसत नाही. पुढचे तीन-चार आठवडे एवढंच करा: बारशाची खेळणी कपाटात ठेवा. अंघोळ-झोप-दूध झाल्यावर गोधडीवर दहा मिनिटं उताणं, मोकळ्या हातापायांनी, तुम्ही शेजारी गप्प. मग पाच मिनिटं कुशीवर, समोर कडी. पालथं तीन-तीन मिनिटं, जमेल तितक्यांदा. संध्याकाळी मांडीवर वाटीचा खेळ, पाच-सहा खेपा, कंटाळण्याआधी बंद. आणि वाटी तोंडाकडे नेता नेता मध्येच थांबून बाळानं ती दुसऱ्या हातात घेतली, की त्या दिवसापासून शेजारी दुसरी वाटी ठेवायला लागा.